अष्टमीची स्लो

‘‘आठमीचं पानी गरीब असतं. पन गरिबाला फसवू नका.’’

वर्सोवा कोळीवाड्यातल्या काकांनी फोनवर एवढं बजावलं आणि मग वेळ दिली. संध्याकाळी सहाच्या आत खाडीच्या तोंडाशी यायचं. सात वाजता आलात तर मी असेन, पाणी नसेल.

हा सगळा खटाटोप एका शिडाच्या होडीपायी. होडी माझी नाही, बोरिवलीच्या एका मित्राची. सव्वीस फूट लांब, फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडं आणि आत चार माणसं कशीबशी आडवी होतील एवढी केबिन. ‘आमच्या किचनपेक्षा लहान आणि किचनपेक्षा खर्चिक,’ असं तिचं वर्णन त्याची बायको करते. दिवाळीनंतरचे सगळे महिने होडी गेटवेसमोर नांगरलेली असते. मे सरत आला की तिला पाण्याबाहेर काढावं लागतं. त्या वर्षी मालकांनी (आम्ही त्याला मालकच म्हणतो) ठरवलं की पावसाळ्यासाठी तिला घराजवळ आणायचं. वर्सोव्याला काकांच्या जागेत वर चढवायची, शाकारायची आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात सोडायची. म्हणजे कुलाबा ते वर्सोवा एवढा प्रवास. चर्चगेटहून स्लो लोकल धरली तर अंधेरीपर्यंत तासाभराच्या आत. आम्हाला तेरा तास लागले.

‘आम्हाला’ म्हणजे मालक, मी आणि माझ्याकडे मुलुंडला उतरलेले पाहुणे. पाहुणा शाळेतला मित्र, गेली पंचवीस वर्षं नागपूरकर. बरोबर वहिनी आणि संत्रा बर्फीचे दोन डबे. नागपूर समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर. त्यांच्या लेखी मोठं पाणी म्हणजे अंबाझरी आणि फुटाळा तलाव. समुद्र त्यांनी जुहूला घोट्यापर्यंत पाहिलेला. ‘‘या वेळी गळ्यापर्यंत दाखव,’’ तो म्हणाला होता. तसा मीही मुलुंडचा. आमच्याकडे खाडी आहे, तिच्यात थंडीत फ्लेमिंगो उतरतात, पण समुद्र आमचाही पाहुण्यासारखाच. कुणी बाहेरगावचं आलं की त्याला दाखवायला म्हणून आपण जातो.

अष्टमी का, ते काकांनी आदल्या आठवड्यात समजावलं होतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी मुंबईला पूर्ण भरती दुपारी आणि मध्यरात्री, बाराच्या अलीकडेपलीकडे. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला सुकती, संध्याकाळी पुन्हा सहाला भरती. थोडं इकडेतिकडे होतं, पण हिशेब मोडत नाही. रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी बदलतं. हे वेळापत्रक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल-काळ्या अक्षरांत छापलेलं असतं आणि आपण ते फक्त संकष्टी बघायला उघडतो.

आमच्या कामाला अष्टमी मापात बसत होती. सकाळी सहाला भरतीचं पाणी परतायला लागलं की ते आम्हाला बंदरातून बाहेर काढणार. दुपारनंतर पाणी चढायला लागलं की किनाऱ्याबाहेर त्याची ओढ उत्तरेकडे, म्हणजे वर्सोव्याच्या दिशेने. आणि संध्याकाळी भरतीला खाडीच्या तोंडावर पाणी. वर्सोव्याचं तोंड गाळाने उथळ झालंय. कोळ्यांच्या मोठ्या बोटीही तिथे पाणी बघूनच आत-बाहेर करतात. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाला पाणी भरपूर, साडेचार मीटरच्या वर, पण त्याला ओढही तशीच. अष्टमीच्या आसपास भांग. पाणी ना फार चढत, ना फार उतरत. ते गरीब पाणी म्हणजे हेच.

आणखी एक सोय होती. भांगात काका मोकळे असतात. त्यांची मासेमारी डोलीची. डोल म्हणजे मोठ्या शंकूसारखं जाळं; खुंट्याला बांधून ते प्रवाहात तोंड करून उभं करायचं. डोलीत मासा काही आपणहून येत नाही, पाणी त्याला आणून घालतं. बोंबील, जवळा, करंदी, सगळं प्रवाहाच्या ओढीवर. भांगात ओढ मंदावली की डोलीचा धंदाही मंदावतो. मग जाळी शिवायची, इंजिन खोलायचं आणि बोरिवलीच्या हौशी माणसांचे फोन घ्यायचे.

पहाटेच्या पहिल्या गाड्यांनी आम्ही सीएसएमटीला आलो. साडेपाचला गेटवेच्या पायऱ्यांवर होतो. मालकांनी आदल्या दिवशीच कागद पुरे केले होते. २६/११चे मारेकरी समुद्रातून आल्यापासून इथे होडीवर कोण चढतंय याची नोंद लागते, आणि त्याबद्दल कुणी कुरकुरतही नाही. छोट्या होडीने आम्हाला मोठ्या होडीपर्यंत सोडलं. मोठी म्हणजे सव्वीस फूट.

या पाण्यात हौसेने शीड उभारण्याची रीत जुनी आहे. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. १९८२चा एशियाड दिल्लीचा म्हणून आपल्या लक्षात आहे. त्यातल्या शिडाच्या शर्यती मात्र मुंबईत झाल्या होत्या, आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया या जोडीने इथे सुवर्णपदक घेतलं होतं. पुढे नौदलाचे दिलीप दोंदे इथूनच निघाले : १९ ऑगस्ट २००९, नारळी पौर्णिमेनंतर दोनच आठवड्यांनी. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधलेली ‘म्हादेई’ आणि तिच्यावर एकटा माणूस. १९ मे २०१० रोजी ते पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. एकट्याने शिडावर ती करणारे पहिले भारतीय. बाकीच्यांचं समुद्राचं वर्षही नेमकं याच दोन तारखांच्या मध्ये असतं. पाऊस ओसरताना निघायचं, पाऊस चढायच्या आत परत.

सहा वाजून गेले. जमिनीकडून मतलई वारा येत होता. अगदी हलका, गालाला कळेल न कळेल असा. मालकांनी मोठं शीड वर ओढलं आणि पुढच्या शिडाची दोरी वहिनींच्या हातात दिली. ‘‘ही शीट. म्हटलं की ओढा, म्हटलं की सोडा.’’

‘‘शीट म्हणजे शीड ना?’’

‘‘नाही, शीड म्हणजे सेल. शीट म्हणजे दोरी.’’

‘‘अन् आमच्याकडे शीट म्हणजे चादर,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘इंग्रज मोठे घोळाचे लोक.’’

त्यानंतर दिवसभर त्या दोरीला सगळे चादरच म्हणत होते.

बंदरातून बाहेर पडताना कुलाब्याचं टोक उजव्या हाताला राहतं. त्याच्या टोकापुढे खडकांवर एकटा उभा असलेला प्राँग्ज दीपस्तंभ, १८७५ सालचा. तिथे पाण्याचा रंग बदलतो आणि होडीची चालही. आतापर्यंत ती सरकत होती, आता ती खालून उचलली जायला लागली. नागपूरकर गप्प झाला. मग त्याने आलेपाकाची वडी मागितली, मग दुसरी, मग होडीच्या कडेला जाऊन दोन्ही वड्या समुद्राला दिल्या. ‘‘काऊन बे,’’ तो तोंड पुसत म्हणाला, ‘‘एवढं पाणी अन् चूळ भरायले थेंब नाही?’’ मी बाटली दिली. मालकांनी त्याला सुकाणूचा दांडा धरायला लावलं. डोळे क्षितिजावर आणि हाताला काम, यापेक्षा चांगलं औषध नाही. दहा मिनिटांत त्याचा चेहरा माणसात आला.

साडेनऊच्या सुमाराला, मलबार हिल समोर असताना, वारा पडला.

वारा पडणं म्हणजे काय ते शिडाच्या होडीवर बसल्याशिवाय कळत नाही. शीड आधी सुरकुततं, मग लोंबतं, मग प्रत्येक लाटेबरोबर डावी-उजवीकडे आपटत राहतं. पाणी तेलासारखं गुळगुळीत. ओहोटीची ओढ दक्षिणेकडे, त्यामुळे समोरची इमारत अर्ध्या तासाने पुन्हा समोर येई आणि मग मागे जाण्याऐवजी पुढे सरके. आम्ही वर्सोव्याला निघून कुलाब्याकडे परतत होतो. होडीला मागे लहानसं इंजिन आहे. मी त्याच्याकडे बघितलं. मालक म्हणाले, ‘‘वर्षाचा शेवटचा दिवस आहे. इंजिन लावायचं नाही.’’ आम्हा तिघांनाही ते तेव्हा फार रुबाबदार वाटलं. पुढे जे झालं त्याचं मूळ या एका वाक्यात आहे, आणि त्या वाक्यात आमचाही वाटा आहे.

तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची भाजी, पन्हं. डोक्यावर शिडाची सावली धरायला चौघांची सरकासरकी. मुंबईचा आवाज तीन-चार किलोमीटरवर ऐकू येत नाही. दिसते ती फक्त करड्या धुरात उभी असलेली दातांची कवळी. वहिनींनी विचारलं, की एवढा शांत समुद्र, तर बंद कशाला करतात?

कारण तो असाच राहिला असता तर बंद करावा लागला नसता. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. माशांच्या विणीसाठी आणि माणसांच्या जिवासाठीही. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटीही पावसाळ्यात थांबतात. पूर्वी कोकणात जाणारी आगबोट पावसाळ्यात बंद असे, आणि मुंबईतल्या कोकणी माणसाच्या घरी वर्षाचे दोन भाग पडत : बोट चालू आणि बोट बंद. जवळच्या पल्ल्याच्या फेऱ्या मात्र चालत. १७ जुलै १९४७ला, गटारी अमावस्येच्या दिवशी, ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्याभरावर होतं. ते कसलं पाहायचं, असं किती घरांना वाटलं असेल.

मेही भरवशाचा नाही. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं, तेव्हा तेलक्षेत्रातला पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसं होती, १८६ वाचली. म्हणून जुने लोक मेच्या मध्यापासूनच आभाळाकडे बघायला लागतात. १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजा वसईच्या तटाला इतक्या इरेने का भिडल्या होत्या, तेही या समुद्रावरून नीट समजतं. समोर किल्ला, मागे खाड्या आणि डोक्यावर येऊ घातलेला पाऊस. मेच्या मध्याला वसई पडली. आणखी महिना गेला असता, तर पाऊस पोर्तुगीजांच्या बाजूने लढला असता.

पावणेदोनला पाण्यावर काळसर सुरकुत्या दिसल्या. ‘‘आला,’’ मालक म्हणाले. वारा आला तो एरवीसारखा वायव्येकडून नाही. त्याची मान दक्षिणेकडे वळली होती, नैर्ऋत्येकडे. मालकांनी भुवया उंचावल्या. आम्हाला उत्तरेला जायचं होतं, म्हणजे हा वारा पाठीवरचा, सोयीचा. पण मेच्या शेवटी वारा असा फिरतो तेव्हा तो कुणाचा निरोप घेऊन येतो हे मुंबईत कुणाला सांगावं लागत नाही. मोठं शीड एका बाजूला, पुढचं दुसऱ्या बाजूला. पंख पसरलेल्या बगळ्यासारखी होडी चालायला लागली. वेग माणसाच्या भरभर चालण्याइतका. वहिनींनी चादर धरली.

आता उपनगराची चाहूल लागली. वरळीचा कोळीवाडा आणि किल्ला. मग २००९ साली सुरू झालेला सागरी सेतू, त्याच्या तारा उलट्या धरलेल्या वीणेसारख्या. गाडीतून हा पूल सात-आठ मिनिटांत संपतो. आम्ही तो तासभर बघत होतो. पुलाच्या उत्तर टोकाशी वांद्र्याचा किल्ला, पोर्तुगीजांनी १६४०मध्ये बांधलेला. त्याचं नाव आगुआद, म्हणजे गोडं पाणी भरायची जागा. येणारीजाणारी जहाजं तिथे पिंपं भरून घेत. आता तिथे जोडपी बसतात. पण समुद्रातून पाहिलं की त्या टेकाडाची जागा का निवडली ते एका नजरेत कळतं : खाडीचं तोंड, उतरायला आडोसा, वर पहारा. वांद्रे या नावातच बंदर आहे असं म्हणतात. समुद्राकडून आलेल्याला ते पटतं. गाडीने आलेल्याला वांद्रे म्हणजे फलाट क्रमांक.

जुहूसमोर विमानं डोक्यावरून जायला लागली. सांताक्रूझची धावपट्टी सोडून ती समुद्राकडे झेपावतात. दर दोन-तीन मिनिटांनी एक पोट आमच्या डोलकाठीवरून सरकत होतं. खाली जुहूचं जुनं विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तिथेच उतरले. पावसाळ्यात त्या धावपट्टीवर चिखल होई आणि विमानं पुण्याला हलवावी लागत. म्हणजे तेव्हा विमानंही शाकारली जात होती म्हणायची. याच किनाऱ्यावर २०११च्या पावसाळ्यात ‘विस्डम’ हे मोडीत निघालेलं जहाज दोर तुटून वाळूत येऊन बसलं. त्याच मोसमात ३१ जुलैला ‘पवित’ नावाचं टँकर, ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं, कुणी नसताना स्वतःच इथे येऊन लागलं. नागपूरकराला हे फार आवडलं. ‘‘ड्रायव्हर नाही, कंडक्टर नाही, अन् बरोबर जुहूले उतरलं?’’

वर्सोवा दिसायच्या आधी त्याचा वास आला. वलांडीवर सुकणाऱ्या बोंबलांचा, जाळ्यांचा, डिझेलचा. वहिनींनी पदर नाकाशी नेला आणि मग हळूच काढला. वाळूवर बोटी ओढायला सुरुवात झालेली दिसत होती. हाच तो किनारा, जिथे अफरोज शाह आणि इतरांनी २०१५पासून दर आठवड्याला कचरा उचलला आणि जिथे २०१८च्या मार्चमध्ये ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना दिसली. खाडीच्या पलीकडे मढ, आणि मढच्या टोकावर किल्ला. वसईच्या त्याच मोहिमेत तोही मराठ्यांकडे आला.

माझ्या घड्याळात सहा वाजून पन्नास मिनिटं झाली होती.

काका तोंडाशी होते. त्यांची होडी आडवी करून उभे होते. आमच्या मागे सूर्य पाण्याला टेकत होता. त्यांनी हात वर करून काहीतरी सांगितलं. मालकांनी शिडं उतरवली, इंजिन लावलं, जे सकाळी दहाला लावायला हवं होतं. मोबाइलवरच्या नकाशात आमच्याखाली निळा रंग होता. नकाशा खरा, पण गाळ दर पावसाळ्यात जागा बदलतो, आणि ती खबर नकाशाकडे नसते, रोज ये-जा करणाऱ्याकडे असते. भरती उलटल्यावर पहिल्या तासात पाणी थोडंच उतरतं. आमची होडी त्या थोड्यावरच चालणार होती.

आवाज झाला नाही. होडी एखाद्या गादीवर बसावी तशी थांबली. इंजिन घुरघुरलं, मागे चिखलाचं पाणी उसळलं, आम्ही जागच्या जागी. चार फूट खोल गेलेला होडीचा खालचा पंखा (कील) वाळूत रुतला होता.

काकांनी आवाज चढवला नाही. जवळ आले, दोर फेकला, मालकांनी पुढे बांधला. मग त्यांनी आम्हा चौघांकडे पाहिलं, माणूस तोलल्यासारखं, आणि नागपूरकराकडे बोट केलं. ‘‘तुमी. जाडे भाऊ. तिकडं. काठीच्या बांबूवर बसा.’’

शिडाचा आडवा दांडा त्यांनी एका बाजूला पाण्यावर बाहेर काढायला लावला. त्यावर नागपूरकर पोटावर आडवा, त्याला धरून मी, मागे मालक, कडेला वहिनी. सगळं वजन एका बाजूला. होडी हळूहळू कलली, आणि ती कलली तसा खालचा पंखा वाळूतून तिरका होत सुटायला लागला. उभ्या होडीला चार फूट पाणी लागतं; कललेलीला तीन फुटांत भागतं. काकांच्या इंजिनाने जोर केला. दोर ताणला, थरथरला. एक इंच. मग हातभर. मग आम्ही एकदम मोकळे, आणि नागपूरकराचे पाय पाण्यात.

‘‘गळ्यापर्यंत म्हणाला होतास,’’ मी म्हणालो.

‘‘चूप बे. वजन माझं कामी आलं.’’

आत खाडीत, बोटींच्या रांगेत होडी बांधेपर्यंत अंधार झाला. काकूंनी चहा दिला. काकांनी मालकांना वेळ विचारली नाही, काही सुनावलंही नाही. फक्त म्हणाले, ‘‘गारी चुकली तर मागं दुसरी. पानी चुकलं तर बारा तास बसायचं. आनि आठमीच्या पुढं दोन दिवस पानी अजून कमी.’’ मग ते उठले आणि शाकारायला आणलेलं निळं प्लास्टिक मोजायला लागले.

दिवसभर मनात घोळत होतं ते तेव्हा कुठे आकाराला आलं. आपण उपनगरातले लोक वेळेचे पक्के असल्याचा अभिमान बाळगतो. आठ-बाराची गेली तर आठ-पंधरा आहे, आणि ती आहे म्हणूनच आपण निर्धास्तपणे उशीर करतो. समोरच्या पाण्यात तशी सवलत नाही. दिवसातून दोनदा दार उघडतं, वर्षातून एकदा हंगाम. काकांचं सगळं शहाणपण हे की त्यांना पुढची गाडी नसल्याचं माहीत आहे.

वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो, साडेअकरा किलोमीटर, बारा स्टेशनं. एका समुद्राच्या वासातून निघून दुसऱ्या खाडीच्या बाजूला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांत. नागपूरकराची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती आणि लोक त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून उभे होते. बोंबलाचा वास आम्हाला येईनासा झाला होता, त्यांना येत असावा. वहिनींनी पर्समधून बर्फीचा डबा काढून दाखवला. त्यात सुके बोंबील होते. ‘‘काकूंनी दिले. बर्फीच्या बदल्यात.’’

पाहुणे गेले. पाऊस आला. श्रावणात, नारळी पौर्णिमेच्या सकाळी, नागपूरहून फोन.

‘‘आज किती वाजता बे?’’

मी कॅलेंडरकडे न पाहता सांगितलं, ‘‘सव्वाअकरा. बाराच्या आत.’’

‘‘माझंही तेवढंच येते. अन् होडी?’’

‘‘अजून शाकारलेलीच आहे.’’

‘‘मग सांग तिले,’’ तो म्हणाला, ‘‘पुढच्या अष्टमीले येतो. या खेपेले साडेपाचलेच पोचू.’’